वाटेचं साल

माझ्या निबंधाचं पहिलं वाक्य होतं, ‘आपला भारत देश कृषिप्रधान आहे.’

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मराठीच्या मॅडमनी वर्गाला सांगितलं होतं, की आपापल्या गावातला एक प्रश्न घ्या, त्यावर उपाय सुचवा आणि तो वाचणाऱ्याला पटवून द्या. निबंध लिहिता येतो असं मला शाळेपासून वाटायचं. सुरुवात कशी करायची आणि शेवटी ‘म्हणूनच’ कुठे लिहायचं ते पाठ होतं. घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे जे पाठ आहे त्याचा मला फार आधार वाटतो. सगळ्यांच्या आधी मी निबंध नेऊन दिला.

मॅडमनी तो स्टाफरूमच्या दारात उभ्या उभ्या वाचला. मग विचारलं, “हा कोणासाठी लिहिलास?”

“तुमच्यासाठी.”

“तुमच्या गावची पांदण माझ्या हातात आहे का?”

पांदण म्हणजे शेताशेतांमधून जाणारा बैलगाडीचा कच्चा रस्ता. आमची वस्ती नाल्याच्या पलीकडे, विहाराजवळ. तिथून आसेगावच्या शाळेला जवळची वाट या पांदणीनेच. पण पावसाळ्यात तिथली काळी माती अशी होते, की पाय आत जातो तो चपलेशिवायच बाहेर येतो. मी शाळेत होते तेव्हा आम्ही मुली पांदण सोडून एका शेताच्या धुऱ्यावरून जायचो. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. ते शेत ज्यांचं, त्यांना सगळं गाव आबाजी म्हणतं. त्यांनी आम्हाला कधी हटकलं नाही. मात्र गेल्या वर्षी शाळा उघडायच्या तोंडावर त्यांनी धुऱ्याच्या दोन्ही टोकांना बोराटी, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या, रचून वाट बंद केली. माझी धाकटी बहीण तेव्हा आठवीत गेली होती.

दुसरा रस्ता डांबरी आहे, पण तो फाट्यावरून मोठा वळसा घेतो. त्या सुनसान रस्त्याने एकट्या मुलीला पाठवायला आई तयार नव्हती. धाकटी चिखलातून जायची, कधी अर्ध्यातून परत यायची. शेवटी आई म्हणाली, “दसऱ्यालोक राह्य घरी. मंग पाहू.” आमच्याकडे ‘लोक’ म्हणजे ‘पर्यंत’.

‘मंग पाहू’ म्हणून घरी राहिलेल्या मुली आमच्या वस्तीत आहेत. त्यांच्यासाठी पुढे पाहिलं गेलं ते स्थळच.

हे सगळं मी निबंधात लिहिलंच नव्हतं, मॅडमना तिथेच तोंडी सांगितलं. मी लिहिलं होतं, की शासनाने पांदण रस्ता तातडीने बांधून द्यावा. मॅडम म्हणाल्या, “मागणी बरोबर आहे. पण तुझी बहीण सोमवारी कुठून जाईल? जो माणूस उद्या ‘हो’ म्हणू शकतो, त्याला लिही. आणि त्याची बाजू अशी लिही, की वाचून त्याने म्हणावं, मलाही इतकं नीट सांगता आलं नसतं.”

दुसरा खर्डा मी आबाजींना उद्देशून लिहिला, आणि तो रागाने लिहिला. माझा चुलतभाऊ बाजूला बसून मोबाइल पाहत होता. तो म्हणाला, “निबंध कायले लिहून राह्यली? अर्ज ठोक. जातीमुळं पोरीची वाट अडवते म्हनाव.” मला त्याचं म्हणणं झटकून टाकता येईना. आमच्याकडे वाटेवरून आणि विहिरीवरून काय काय झालेलं आहे, ते मी घरात ऐकतच मोठी झाले. तसं नसेलच असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नव्हते, आणि तसंच आहे असंही नाही. त्यांच्या बाजूचं म्हणून मी एकच वाक्य लिहिलं होतं: ‘पिकाची नासाडी होईल अशी त्यांना भीती वाटते.’

मॅडमनी त्या वाक्यावर बोट ठेवलं. “हे त्यांनी सांगितलं?”

“नाही. मला वाटलं.”

“मग ही तुझीच बाजू आहे. नुसती त्यांची टोपी घातलीय.”

रविवारी मी धाकटीला घेऊन आबाजींच्या शेतावर गेले. सोयाबीन फुलावर होतं आणि ते शेताभोवती जुन्या साड्या बांधत होते. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, उभ्या पिकात घुसतात. हलणारी रंगीत साडी दिसली की ती बिचकतात, म्हणून आमच्याकडे पावसाळ्यात शेतंच्या शेतं साड्या नेसून उभी असतात.

“काय वं, इकडं कुठं?”

“आबाजी, थोडं विचाराचं होतं.”

“विचार मंग. पन हात रिकामे ठेवू नको. धर हे टोक.”

मी एका हिरव्या साडीचं टोक धरलं. ते दुसरं टोक घेऊन खांबाकडे गेले. “तानून धर. ढिली साडी पाहून डुक्कर हासते.”

वाटेत मी बरंच काही जुळवून ठेवलं होतं. पण साडी ताणून धरल्यावर त्यातलं काहीच तोंडात येईना. मी सरळ विचारलं, “आबाजी, तुमी धुरा काहून बंद केला?”

त्यांनी गाठ मारली, ती ओढून पाहिली आणि मग बोलले. “तुमच्या वस्तीत काय म्हन्तात, काहून केला म्हनून?”

“म्हन्तात काही काही.”

“अन् तू?”

“मले मालूम नाई. म्हनून विचाराले आली.”

त्यांनी हाताने टेकडीच्या पायथ्याकडे दाखवलं. “ते खालचं वावर पाह्यलं? तिथून माया बापानं एका शेजाऱ्याले गाडी नेऊ देली. एका हंगामापुरती. गाडीमागं ढोरं आले, ढोरामागं ट्रॅक्टर. बाप गेला, शेजारी गेला, अन् त्याचे पोरं म्हन्तात, हे आमची वहिवाट हाये. किती वर्सापासून जाऊन राह्यलो, आता हक्क हाये आमचा. मी तहसीलीत म्हटलं, साहेब, बापानं मेहरबानी केली होती. साहेब म्हने, कागद दाखवा. आता मेहरबानीचा कागद कोन करून ठेवते?”

मी साडीचं टोक दुसऱ्या हातात घेतलं.

“बापानं एक डाव हो म्हटलं. ते ‘हो’ आजबी माया वावरातून ट्रॅक्टर घेऊन जाते.” त्यांनी दुसरी साडी झटकली. “औंदा उन्हाळ्यात एक जन या धुऱ्यावरून फटफटी घेऊन आला. अडवलं तं म्हन्ते, इथून तं सगळेच जातात. हे ‘सगळेच जातात’ आयकलं का मले घाम सुटते. म्हनून बोराटी लावली. मी पोरीले नाई अडवलं. पोरीमागं जे येते, त्याले अडवलं.”

“पन अडली तं मीच,” धाकटी म्हणाली.

आबाजींनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. “हिचं तोंड लय चालते वं.”

“पायबी चालतात, आबाजी. वाट देली तं.”

मला वाटलं, आता संपलं. पण त्यांनी दुसऱ्या साडीचं टोक तिच्या हातात दिलं आणि तिला लांबच्या खांबाकडे पाठवलं. आम्ही निघालो तेव्हा ते फक्त एवढंच म्हणाले, “साड्या नीट धरल्या तुमी.”

परतताना मी गोंधळून गेले होते. त्यांच्या बोलण्यात फट शोधायला मी गेले होते आणि त्यांचं म्हणणं माझ्यापेक्षा पक्कं निघालं. वर त्यांनी वस्तीतल्या बोलण्याचा विषय स्वतःहून काढला होता. माझ्या वयाच्या मुलीसमोर किती जण तसं करतील? जातीची ती शंका माझ्या मनातून पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. पण ती त्यांनी झाकली नाही, हे मला आवडलं होतं.

घरी येऊन मी त्यांची बाजू लिहायला बसले. शेजाऱ्याची गाडी, ढोरं, ट्रॅक्टर, मेहरबानीचा कागद, फटफटी, सगळं. लिहिता लिहिता मीच त्यांच्या बाजूची झाले. माझ्या बाजूला एक चिखल आणि एक मुलगी, एवढंच उरलं.

या वेळी मॅडमनी मला समोर बसवून वाचलं. वाचून झाल्यावर म्हणाल्या, “हा निबंध तर त्यांनी जिंकला.”

“हो. फाडू का?”

“वेडी आहेस का. हे पान मी पुढच्या वर्षी वर्गात वाचून दाखवणार आहे.” त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले. “आता तुझा प्रश्न सोड आणि त्यांचा प्रश्न सोडव. काय आहे त्यांचा प्रश्न?”

मी विचार करून म्हणाले, “मेहरबानी केली तर तिचा हक्क होऊ नये.”

“मग?”

मग काय, ते मला माहीत नव्हतं. मॅडमना माहीत होतं की नाही, कोण जाणे. माहीत असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. तेव्हा मला याचा राग आला होता. आता वाटतं, समोरचा अडलेला असताना गप्प बसता येणं हीसुद्धा शिकवण्यातली मोठी गोष्ट असावी.

तिकडे पाऊस थांबेना. निंदण, म्हणजे पिकातलं तण काढायचं काम, अजून चालू होतं. एके दिवशी आईने बाजारातून नवं खुरपं आणलं. आई दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाते, तिचं खुरपं वेगळं आहे. हे लहान मुठीचं होतं. कोणासाठी, ते तिने सांगितलं नाही आणि धाकटीनेही विचारलं नाही. ती फक्त शाळेची पिशवी खुंटीवरून काढून उशाशी ठेवून झोपू लागली.

मी उपाय शोधत होते. धुऱ्याला कुलपाचं फाटक, स्टॅम्पपेपरवर लेखी हमी, सरपंचांची सही. पण कागदानेच ज्यांना हरवलं त्यांच्याकडे आणखी एक कागद घेऊन कसं जायचं?

उत्तर जेवताना सापडलं, आणि तेही दुसऱ्याच बोलण्यातून. बाबांनी बरीच वर्षं एका मोठ्या शेतकऱ्याकडे सालदारकी केली. गुढीपाडव्यापासून गुढीपाडव्यापर्यंत एका घरी शेतीचं काम धरायचं, तो सालदार. आता गुडघे दुखतात म्हणून बाबांनी ते सोडलंय. त्या घरून पुन्हा निरोप आला होता, त्यावरून आई कुरकुरत होती. “इतके वर्सं राबले तिथं. तुमचा काही हक्क लागला का?”

“सालदाराचा कायचा हक्क?” बाबा म्हणाले. “पाडव्याले साल संपलं का सारं कोरं. मालकानं पुन्हा पुसाचं, आपुन पुन्हा हो म्हनाचं.” मग हसले. “मी तं पाडव्याच्या दिवशी मुद्दाम घरी बसून राहो. तुमी घरचे म्हना, मालकाचे बैलं बांधलेले हायेत, चारापानी कराले जा. पन पुसल्याबिगर जात नोतो. मंग मालक सोता ये दारात.”

माझा घास हातातच राहिला. साल संपलं की सगळं कोरं, ही गोष्ट मला नेहमी अन्यायाची वाटत आली होती. इतकी वर्षं राबूनही काहीच साचत नाही. आणि त्याच गोष्टीत बाबांनी आपला एक दिवस राखून ठेवला होता. पुसल्याशिवाय जायचं नाही. आबाजींना याहून वेगळं काय हवं होतं? कोणी कितीही वर्षं चाललं तरी काहीच साचू नये, आणि दर वर्षी कोणीतरी दारात येऊन पुसावं.

मी ताट सारून निबंध काढला. आई म्हणाली, “जेव तं पुरी.”

नव्या खर्ड्यात मी लिहिलं, की धुऱ्याच्या वाटेचं साल धरावं. वाट फक्त शाळेच्या मुलींसाठी, फक्त पायी. सायकलसुद्धा नाही. शाळा उघडताना मुलीने येऊन मागायची, आणि दिवाळीला पांदण सुकली की तिनेच आपल्या हाताने बोराटी लावून बंद करायची. पुढच्या वर्षी पुन्हा कोरं. जी वाट दर वर्षी मागावी लागते, ती वहिवाट कशी होईल?

निबंध घेऊन आम्ही दोघी आबाजींच्या घरी गेलो. ते ओट्यावर खाटेवर बसले होते. त्यांची बायको आतून पाणी घेऊन आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

“वाच,” आबाजी म्हणाले. “पन पुस्तकासारखं वाचू नको.”

पहिलं वाक्य मी बदललं होतं. ‘आबाजी, तुम्ही धुरा बंद केला, त्याला कारण आहे.’ ते जरा पुढे झाले. मी त्यांच्या वडिलांची गोष्ट वाचली, तहसीलीतली वाचली. मी एकेक शब्द जपून वाचत होते, कारण त्यांची गोष्ट मी त्यांनाच सांगत होते आणि कुठे चुकले तर सगळंच गेलं असतं. मेहरबानीच्या कागदापाशी आले तेव्हा त्यांनी हात वर केला.

“थांब. हे पुन्यांदा वाच.” मग बायकोकडे वळून म्हणाले, “आयक वं. हे मी म्हटलं होतं.”

“तुमी इतलं चांगलं कवा बोल्ले?” ती म्हणाली. “घरात तं आयकलं नाई कधी.”

“तू आयकतं कुठं.”

मी तो भाग पुन्हा वाचला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. मग उपायाचा भाग आला. त्यात ते एकदाही मधे बोलले नाहीत, आणि मला तेच जास्त जड गेलं.

“अन् मी एखाद्या साली नाई म्हटलं तं?” शेवटी त्यांनी विचारलं.

हे निबंधात नव्हतं. मी धाकटीकडे पाहिलं. खोटं सांगावं असं क्षणभर वाटलं, की तुमी नाई म्हननारच नाई, आबाजी, तुमचं मन मोठं हाये. असं बोललं की मोठी माणसं खूश होतात. पण ज्यांची बाजू मी इतकी लिहून काढली होती, त्यांना ते लगेच कळलं असतं.

“तं नाई,” मी म्हणाले. “तुमाले नाई म्हनता येत नसन, तं ते मागनं कायचं. मंग ते वहिवाटच झाली.”

त्यांची बायको दारातून म्हणाली, “आता हो म्हना. पोरीचा घसा सुकला.”

“तू थांब.” त्यांनी माझ्या हातातल्या कागदांकडे बोट केलं. “एक चुकलं तुयं. दिवाळीलोक म्हटलं तू. साल म्हटलं का साल. अर्धं साल कोनी धरत नाई. पाडव्यालोक धर.”

मी मागितलं होतं त्याहून जास्त ते देत होते, आणि तेही चूक काढल्यासारखं.

“अन् मागाले तू येऊ नको,” ते पुढे म्हणाले. “तू बसनं मंगरूळले कालेजात जातं. जे चालते, तिनं मागाचं. काय वं?”

धाकटी उठून उभी राहिली. इतकं तोंड चालणारी माझी बहीण, पण एका दमात एवढंच म्हणाली, “आबाजी, मले धुऱ्यावरून जाऊ देजा.”

“पाहू,” ते म्हणाले.

‘पाहू’ हा शब्द ऐकून घरापर्यंत मला आईचं ‘मंग पाहू’च आठवत राहिलं.

सकाळी ती पिशवी घेऊन निघाली, मीही तिच्याबरोबर गेले. बोराटी एका बाजूने सरकवलेली होती. मधे एक वाकडं लाकूड रोवलं होतं, अशा बेताने की माणूस अंग तिरकं करून निघेल, ढोर किंवा फटफटी निघणार नाही. ओल्या मातीत लाकडाभोवती आबाजींच्या पायांचे ठसे होते. धाकटी तिरकी झाली, पिशवी डोक्यावर धरली आणि पलीकडे गेली. मागे वळून तिने पाहिलंही नाही, तिला उशीर होत होता.

ते खुरपं आईने कोनाड्यात ठेवून दिलं. निबंध मॅडमनी ठेवून घेतला. त्यात त्यांनी शेवटी एवढंच लिहिलं होतं, की उपायात अर्ध्या वर्षाची चूक होती, ती वाचकाने दुरुस्त केली, यापेक्षा चांगला निबंध मला माहीत नाही. ही दुरुस्तीची गोष्ट मीच त्यांना सांगितली होती. सांगताना मला आबाजींचाच जास्त अभिमान वाटत होता.

पाडव्याला धाकटी बोराटी लावायला गेली. आबाजी बाजूला उभे राहून सांगत होते, “अशी नाई. बुडखा आत घाल. ढोरं घुसतीन.” तिचे हात खरचटले. वाट बंद करून ती घरी आली आणि बाबांसारखी दारात बसून राहिली. कोणी विचारलं तर म्हणायची, “सुटलं मायं साल.” परीक्षेला ती सुक्या पांदणीतून गेली.

आता पुन्हा शाळा उघडायची वेळ आली आहे. काल ती आबाजींकडे जाऊन आली आणि तोंड पाडून माझ्याजवळ बसली.

“नाई म्हटलं?” मी विचारलं.

“नाई म्हटलं नाई. म्हन्ले, मागच्या सालचं कारन मागच्या साली संपलं. औंदा काहून देऊ ते सांग.”

मला हसू आलं, आणि भीतीही वाटली, कारण ते थट्टा करत नव्हते. तिने माझ्या वहीतला एक कोरा कागद फाडून घेतला, पेनाचं टोपण दातात धरलं आणि बराच वेळ काहीच लिहिलं नाही.

“ताई,” ती म्हणाली, “औंदा त्यायची बाजू काय असन?”

“मले काय मालूम,” मी म्हणाले. “विचारून ये.”

तिने चप्पल घातली. साड्या बांधायचे दिवस अजून यायचे आहेत, पण ती म्हणाली, काही ना काही धरायला देतीलच ते.